जनामावशीचा सव्वा महिना

“बघ नि काय ते सांग, पन वरडू नको,” असं म्हणत जनामावशीनं दोन्ही हात माझ्या काउंटरच्या काचेवर ठेवले.

हातांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. मी एक चिंधी सोडवली आणि ओरडलेच. तळव्यापासून मनगटापर्यंत टरारून फोड आले होते, काही फुटून पाणी वाहत होतं, मधली कातडी काळी पडली होती. खोकल्याचं औषध घ्यायला आलेले एक गृहस्थ दोन पावलं मागे सरकले.

“काय लावलंस हे?”

“बिबा.”

“बिबा? हाताला?”

“टाचंच्या भेगंत भरतात ना? मंग हाताच्या भेगंत भरला तं काय झालं? माझी आय भरायची,” मावशी उलट माझ्यावरच चिडली. मग आवाज खाली आला. “काल रंजीची वटी होती गो. म्हनलं तवर हात साफ होतील.”

रंजी म्हणजे रंजिता, मावशीची एकुलती एक मुलगी. मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या अलीकडच्या एका वाडीत दिलेली. नवव्या महिन्यात ओटी भरायची आणि त्याच दिवशी लेकीला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणायचं, अशी त्यांच्यातली रीत. त्यासाठी मावशीनं खास जीप सांगितली होती, हे मला माहीत होतं. म्हणून मी विचारलं, “रंजी आली ना? कशी आहे?”

“नाय धाडली.”

“म्हणजे?”

“विहीनबाय बोलली, असल्या हाताखाली माझा नातवंड नाय द्यायची. बाळंतपन हितंच होईल. चार बायकांत बोलली.” एवढं सांगून मावशी सुटलेली चिंधी परत हाताला गुंडाळायला लागली. पंधरा वर्षांच्या ओळखीत मी तिचा आवाज इतका बारीक झालेला पहिल्यांदाच ऐकत होते.

तिला हे किती लागलं असेल ते कळायला मावशी कोण आहे हे माहीत पाहिजे. शेणव्याच्या रस्त्याला तिची वाडी. सकाळच्या पहिल्या जीपनं ती शहापुरात येते आणि दुपारपर्यंत चार घरी बाळांना अंघोळ घालून, बाळंतिणींना तेल लावून, न्हाऊ घालून परत जाते. गेली पंचवीस वर्षं. गावात आज जी पोरं मोटारसायकली उडवत फिरतात त्यांतली निम्मी तिच्या पायांवर उताणी पडून रडलेली आहेत. माझी दोन्ही तशीच. ती पाटावर बसून पाय लांब करायची, त्या दोन पायांच्या मधे बाळ असं बसायचं की पाळण्यातही इतकं निवांत पडत नसेल. नाक ओढून सरळ करता येतं यावर तिचा ठाम विश्वास आहे, माझा नाही. त्यावरून आमची दोनदा भांडणं झाली. माझ्या मुलाचं नाक मात्र चांगलं आहे, हे कबूल करायला हवं.

बाळंतिणींवर तर तिचा असा दरारा, की सासूचाही तेवढा नसेल. सव्वा महिना कुणी जड उचलायचं नाही, गार पाण्यात हात घालायचा नाही, वाऱ्याला बसायचं नाही. विसाव्या दिवशी बरं वाटायला लागतं आणि बाई हळूच कामाला लागते, हे तिला पक्कं ठाऊक. मला तिनं बादलीसकट पकडलं होतं आणि माझ्या आईदेखत झाडलं होतं.

तिच्या हातांचं दुखणं दोन-तीन वर्षांचं. आधी बोटांच्या बेचक्यांत खाज, मग बारीक पाण्याचे दाणे, मग कातडी जाड होऊन भेगा. ती कुणाला दाखवायची नाही. पण बाळाच्या आया बघतातच. एक घर सुटलं, मग दुसरं. “मावशींना नायटा झालाय वाटतं,” असं माझ्या दुकानातच कुणीतरी म्हणालं. मग ती माझ्याकडे आली.

आणि मी काय केलं? मी डी.फार्म. आहे, अठरा वर्षं या स्टँडजवळच्या मेडिकलमध्ये उभी आहे, त्यामुळे आपण अर्ध्या डॉक्टर झालो असा मला भ्रम होता. मी तिला लाल टोपणाची एक ट्यूब दिली. तीन औषधांची खिचडी असते त्यात. दोन दिवसांत खाज थांबते, थांबवलं की दुपटीनं येते. मग ती परत न्यायची, मी परत द्यायचे. असं दोन वर्षं चाललं. डॉक्टरला दाखव, असं मी एकदाही म्हटलं नाही.

नशिबानं त्या दिवशी बुधवार होता. बुधवारी कल्याणहून त्वचारोगाच्या एक डॉक्टरीणबाई येतात. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि मावशीला घेऊन गेले.

डॉक्टरांनी हात भिंगातून पाहिले, बिब्याबद्दल ऐकून डोळे मिटले, मग विचारलं, “दिवसातून किती वेळा हात पाण्यात जातात?”

मावशी मोजायला लागली. दोन पोरं, दोन बाळंतिणी, त्यांची दुपटी नि लंगोट, मग घरची भांडी, धुणं. मोजदाद लांबत चालली.

“राहू दे. कोरडे कधी असतात ते सांगा.”

“झोपल्याव.”

डॉक्टर हसल्या नाहीत. “हा इसब आहे, मावशी. एक्झिमा म्हणतात तो. नायटा नाही, खरूज नाही. तुमच्यापासून बाळाला होणार नाही, कुणालाच होणार नाही.”

“हे लिवून द्या,” मावशी ताडकन म्हणाली. डॉक्टरांनी खरंच वेगळ्या कागदावर लिहून दिलं, मराठीत, सही-शिक्क्यासकट.

“कातडीला तिचं स्वतःचं तेल असतं,” त्या पुढे सांगू लागल्या. “कढत पाणी आणि साबण ते रोज धुऊन नेतात. कातडी कोरडी पडते, भेगा पडतात, भेगांतून साबण आत जातो, आत आग होते. मग खाज. खाजवलं की आणखी भेगा. आणि त्यावर तुम्ही बिबा घातलात.”

“म्हंजे मी लोकांच्या पोरांना तेल चोळतंय नि माझंच धुऊन जातंय.”

“अगदी तेच. बरं, बिब्याच्या आधी काय लावत होता?”

मावशीनं पिशवीतून ती पिळून चपटी झालेली लाल टोपणाची ट्यूब काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांचा चेहरा उतरला. “ही कुणी दिली तुम्हाला?”

मी खाली बघितलं. मावशी माझ्याकडे न बघता म्हणाली, “असंच, बाजारातनं आनली. कुटनं ते ध्यानात नाय.”

मी गप्प बसले. हे लिहितानाही लाज वाटते, पण बसले. बाहेर जिन्यात मी तिला म्हटलं, “मावशी, माझं नाव का नाही सांगितलंस?” तर म्हणाली, “तू बऱ्यासाठी दिलीस नि मी बऱ्यासाठी लावली. तुला वरडून काय माझं हात बरं व्हनार?” दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठीशिवाय ती ट्यूब देणं मी बंद केलं. एवढं प्रायश्चित्त फार कमी आहे, मला कळतं.

डॉक्टरांनी फोडांसाठी गोळ्या दिल्या आणि एक मलम दिलं, रोज रात्री, बोटाच्या एका पेराएवढं, त्याहून जास्त नाही, आणि त्या सांगतील तेव्हा कमी करायचं. ते सोपं होतं. अवघड पुढचं होतं. चाळीस दिवस हात पाण्यात घालायचे नाहीत. साबण नाही, भांडी नाहीत, लसूण सोलायचा नाही, ओल्या मिरच्या चिरायच्या नाहीत. बोटातला चांदीचा वेढा काढायचा, त्याच्याखाली साबण अडकतो. दिवसातून आठ-दहा वेळा व्हॅसलीन. घरात सुती हातमोजे. अगदीच पाण्यात जावं लागलं तर सुती मोज्यांवर रबरी, तेही पंधरा मिनिटं, कारण आत घाम सुटला की तो ओलावाच.

“धा दिस बास नाय?” मावशीनं विचारलं. “माझ्या लेकीचं दिस भरत आलंत.”

“दहा दिवसांत हात चांगले दिसतील, पण तयार झालेले नसतील. तेव्हा पाण्यात घातलेत तर परत चिघळेल, आणि या वेळी चिघळलं तर हे काम तुम्हाला कायमचं सोडावं लागेल. चाळीस दिवस नीट सांभाळलेत, तर पुढे बेतानं, कोमट पाण्यानं, पुन्हा बाळांना अंघोळ घालता येईल.”

मावशीनं मनाशी काहीतरी जुळवलं. “चाळीस दिस. म्हंजे सव्वा महिना.” आणि त्या सुजलेल्या हातांकडे बघत पहिल्यांदा हसली. “ह्या वयाला हातांचं बाळंतपन आलं गो माझ्या!”

त्या दिवसापासून तिनं जे केलं ते मी जवळून बघितलं. आमच्याकडे औषधं नेणारे शंभरातले नव्वद तिसऱ्या दिवशी पथ्य सोडतात, मी स्वतः मधुमेहाची गोळी विसरते. मावशीनं मात्र आपल्या हातांवर तोच कायदा लावला जो पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या लेकी-सुनांवर लावला होता. उरलेली दोन्ही घरं एका दुसऱ्या बाईला देऊन टाकली, वर तिला कुठल्या बाळाला कसं धरायचं ते जाऊन सांगून आली. भात चमच्यानं खायला शिकली. पांढरे हातमोजे घालून वाडीत फिरायला लागली तेव्हा पोरं तिला “हवालदार, हवालदार” म्हणून हाका मारत. ती थांबून, हात वर करून त्यांना रस्ता मोकळा करून द्यायची.

खरी परीक्षा तिच्या नवऱ्याची होती. लडकूमामा हा दोन शब्दांत बोलणारा, शेळ्या राखणारा माणूस. त्यानं जन्मात कधी भांडं घासलं नव्हतं. आता तो हातपंपावर बायकांच्या रांगेत उकिडवा बसून भांडी घासायचा. बायका पदराआड हसायच्या. एकीनं विचारलं, “मामा, मामी काय म्हारानी झाली का?” तर मामा म्हणाला, “बाळंतीन हाय,” आणि घासत राहिला. त्याच्या भाकरीला म्हणे कडा नसायच्या, नुसते कोपरे असायचे. मावशी तीच खायची आणि वर माझ्याकडे येऊन त्या भाकरीला नावं ठेवायची.

डॉक्टरांचा तो कागद तिनं जावयाच्या हाती मुरबाडला पाठवला. विहिणीनं तो देवाच्या फोटोमागे खोचून ठेवला आणि मत काही बदललं नाही. ती विहीण, ठमीबाई, काही दुष्ट नव्हती. तिची एक मुलगी तान्ही असतानाच अंगभर फोड येऊन दगावली होती, हे रंजिताला सासरी गेल्यावर कळलं आणि तिच्याकडून आम्हाला. तेव्हापासून फोड दिसला की ठमीबाई भ्यायची. हे कळल्यावर मावशीनं तिला शिव्या द्यायचं बंद केलं.

विसाव्या दिवशी रंजिताला मुलगी झाली. मावशी मुरबाडला दवाखान्यात जाऊन, दारातून बघून आली. “हातात दिली?” मी विचारलं. “मागितली नाय,” ती म्हणाली. मग काउंटरला टेकून ती रस्त्याकडे बघायला लागली. तिला रडू येत होतं आणि मोजे घातलेल्या हातांनी डोळे कसे पुसायचे ते कळत नव्हतं, म्हणून मी माझ्या ओढणीनं पुसले.

बारशाला मला आमंत्रण नव्हतं. पण तिला एकटी पाठवायला माझं मन घेईना. आमची जुनी गाडी काढली, मागे लडकूमामा आणि नातीसाठी त्यानं स्वतः विणलेली बाजेसारखी झोळी, पुढे मावशी. किन्हवली, सरळगाव करत सकाळी आठाला आम्ही त्या वाडीत पोचलो. मावशीचा तो बत्तिसावा दिवस होता. हात चांगले दिसत होते, म्हणजे फारच चांगले. भेगा मिटल्या होत्या, तळव्यांवर नवी, गुलाबीसर कातडी आली होती. सुती मोजे काढून तिनं ते कमरेला खोचले.

अंगणात शिरायच्या आधीच बाळाचं रडणं ऐकू आलं. मागच्या बाजूला न्हाणीच्या दगडावर ठमीबाई पाय पसरून बसली होती आणि ते एवढंसं पोर तिच्या पायांवर लालबुंद होऊन किंचाळत होतं. रंजिता दारात बसून ओठ चावत होती. ठमीबाईची स्वतःची मुलं तिच्या सासूनं न्हाऊ घातलेली, तिला सवय नव्हती. पायांत फट राहत होती, बाळ घरंगळत होतं, पाणी नाकात जात होतं. बारा दिवस रोज हेच चाललं होतं.

मावशी थांबली. पुढे गेली नाही. ठमीबाईनं मान वर केली. मधे ते पोर आकांत करत होतं.

“हात दावा,” ठमीबाई म्हणाली.

मावशी वाकली आणि दोन्ही हात पुढे केले. ठमीबाईनं एका हातानं बाळ धरून दुसऱ्या हातानं ते उलटे केले, सुलटे केले, बोटांच्या बेचक्या बघितल्या, अंगठा फिरवून पाहिला. मग तिचा चेहराच पडला. “मी चार बायकांत बोलली तुमाला,” ती म्हणाली. “मना भ्याव वाटला, विहीनबाय. आता राग नका धरू. या, बसा. तुमीच घाला. माझ्याजवल लय रडते वो ही.”

रंजिता उठून उभी राहिली. “आये, ये ना.”

माझे डोळे भरून आले. ज्यासाठी ही बाई महिनाभर झुरत होती ते कुणीतरी आपण होऊन हातात देत होतं. मी तिला मागून ढकललंच. “जा, मावशी. एका अंघोळीनं काय होतंय!” हे मी म्हणाले, डी.फार्म. झालेली मी.

मावशी बाळाकडे बघत होती. इतकी बघत होती की मला वाटलं, आता बसेल. तिनं पदर खोचायला कमरेपर्यंत हात नेलासुद्धा. तिथे ते मोजे हाताला लागले.

“नाय,” ती म्हणाली. “आठ दिस राहिलंत माझं.”

“आये, बरं झालंत की हात!”

“वरनं झालंत. आतनं वलंच हाय.” मग आपल्या लेकीकडे बघून म्हणाली, “आज मी घातली तं ही एकच अंगूळ. मना हिच्या समद्या घालायच्या हायेत. नि तुझ्या दुसऱ्याची पन.”

एवढं बोलून ती ठमीबाईच्या शेजारी, पाणी उडणार नाही एवढं अंतर ठेवून, जमिनीवर मांडी घालून बसली. दोन्ही हात मांडीत ठेवले.

“पाय जवल घ्या, विहीनबाय. मधी फट नको. हां. आता तिला पालथी नका करू, आदी उताणी. डावा तळवा मानंखाली. घट नाय, नुसता ठेवायचा. पानी बगा, कढत हाय ते, गार घाला अजून. आनखी. आता पोटाव वता, डोक्याव नाय. हळू. तिला दिसू द्या पानी येतंय ते.”

ठमीबाई सांगितलं तसं करत गेली. बाळ घरंगळायचं थांबलं. मावशीचा आवाज एका लयीत चालू होता, मधेच ती बाळाशी बोलायची, “काय गो, काय झाला गो माझ्या बायला,” आणि परत विहिणीला सांगायची, काखेत बोट घाला, मानेच्या वळ्या सोडवा, कानावर हात धरा. रडणं हुंदक्यांवर आलं. मग हुंदकेही थांबले. पोर डोळे उघडून आवाज येतो तिकडे बघायला लागली. ठमीबाई बाळाला इतकी सांभाळून पाणी घालत होती की तिनं मान वर केली नाही, पण तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते न्हाणीतलं नव्हतं.

मी मावशीच्या हातांकडे बघितलं. मांडीतल्या मांडीत तिची बोटं हलत होती, मान धरल्यासारखी, पाठ चोळल्यासारखी. तिला ते माहीत नसावं.

शेवटचा तांब्या घालताना बाळानं पाय झाडले. न्हाणीतलं पाणी उडालं आणि त्याचे दोन-तीन थेंब मावशीच्या उजव्या हातावर येऊन पडले. तिनं पदराचं टोक हातात घेतलं, पुसायला म्हणून. पण ठमीबाई बाळाला दुपट्यात गुंडाळून आत घेऊन जाईपर्यंत तिनं ते थेंब तसेच राहू दिले.